एपिंगचे रान खुले कसे राहिले : लंडनजवळच्या कौटुंबिक भटकंतीची पार्श्वभूमी

लंडनच्या ईशान्येला, मॅनर पार्कच्या दाट वस्तीपासून एसेक्समधील एपिंग या गावापर्यंत, सुमारे 19 किलोमीटर लांबीचा आणि रुंदीला फार तर चार किलोमीटर भरणारा हिरवा पट्टा पसरलेला आहे. बीच, ओक आणि हॉर्नबीम या वृक्षांचे रान, हेदर व गॉर्सच्या झुडपांनी भरलेले उघडे माळ आणि शंभराहून अधिक लहानमोठी तळी या 2,400 हेक्टरांत एकमेकांना इतकी लागून आहेत की, लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला एकाच फेरीत हे तिन्ही पाहता येते. प्रवेशशुल्क नाही, आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात झाडांची सावली लागते. एवढ्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर ही जमीन बांधकामावाचून राहिली, याचे श्रेय निसर्गप्रेमाला सहज दिले जाते; माझ्या मते ते आधी गुरे चारणाऱ्या आणि जळण तोडणाऱ्या गावकऱ्यांच्या जुन्या हक्कांना द्यायला हवे.

बाराव्या शतकापासून हा प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखलेला होता. जमीन गावोगावच्या जमीनदारांची, हरणे राजाची आणि चराईचा हक्क गावकऱ्यांचा, अशी तिहेरी व्यवस्था तेथे शतकानुशतके चालली. हरणांना मोकळेपणाने फिरता यावे म्हणून कोणालाही कुंपण घालण्याची मुभा नव्हती आणि त्याच मोकळ्या रानात गावकऱ्यांची गुरे चरत. आठव्या हेन्रीने 1543 मध्ये चिंगफर्ड येथे शिकार पाहण्यासाठी उभारलेली लाकडी इमारत अजून उभी असून ती ‘क्वीन एलिझाबेथ्स हंटिंग लॉज’ या नावाने ओळखली जाते. उत्तरेकडच्या अनेक फेऱ्या तिच्याच आसपास सुरू होतात.

या रानाचे रूप कुऱ्हाडीने घडवलेले आहे. गुरांचे आणि हरणांचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर झाडाचा शेंडा छाटायचा, त्यावर फुटलेल्या फांद्या काही वर्षांनी पुन्हा जळणासाठी तोडायच्या आणि खोड मात्र राखायचे, ही तेथील रीत होती. आपल्याकडे कोकणात राबासाठी कवळ तोडतात, त्याच्याशी ती बरीच जुळते. पुन्हा पुन्हा छाटलेली झाडे शेकडो वर्षे जगतात. एपिंगमध्ये अशी पन्नास हजारांहून अधिक वृद्ध झाडे आहेत, आणि आज मुले ज्यांच्या पोकळ बुंध्यांत लपाछपी खेळतात ती बहुतेक याच छाटणीची देणगी आहेत. उघडे माळही असेच गुरांनी राखलेले. चराई थांबली की रेताड, नापीक जमिनीवरसुद्धा बर्चची रोपे उगवतात आणि पाहता पाहता हेदरचा माळ झाडीखाली जातो.

तळ्यांचा इतिहास निराळा आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. रानाच्या दक्षिण टोकाला वॉन्स्टेड पार्क आहे. ही मालमत्ता 1673 मध्ये सर जोशाया चाइल्ड याने विकत घेतली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा लंडनमधील प्रमुख सूत्रधार. त्याच्या आक्रमक धोरणामुळे कंपनी औरंगजेबाशी युद्धाला उभी राहिली आणि 1689 मध्ये सिद्दी याकूतखानाने शिवडी व माझगाव घेऊन मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. शेवटी 1690 मध्ये कंपनीला दीड लाख रुपये दंड भरून बादशहाची क्षमा मागावी लागली. याच चाइल्डने वॉन्स्टेडच्या उजाड जमिनीवर अक्रोडाची झाडे लावण्यासाठी आणि मैलोगणती माशांची तळी खोदण्यासाठी अफाट पैसा ओतल्याची नोंद जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने 1683 मध्ये केली आहे. पुढे तेथे मोठा प्रासाद उभा राहिला, वारसा विवाहसंबंधाने विल्यम वेलस्ली-पोलकडे गेला आणि त्याने सारी संपत्ती उधळल्यावर 1820 च्या दशकात प्रासाद पाडून दगडविटांच्या मोलाने विकला गेला. असईच्या लढाईत 1803 साली मराठी फौजांविरुद्ध लढलेल्या आर्थर वेलस्लीचा हा पुतण्या. वॉन्स्टेडच्या तळ्याकाठी आज बदकांना न्याहाळत उभ्या असलेल्या मराठी कुटुंबांना हा संबंध माहीत असावा, असे मला मनापासून वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही जुनी व्यवस्था मोडली. राजघराण्याला शिकारीत रस उरला नव्हता. शेजारच्या हेनॉल्टच्या रानाचा राखीव दर्जा 1851 च्या कायद्याने काढून घेण्यात आला आणि शतकांची झाडी अल्पावधीत तोडून तेथे शेते आखली गेली. एपिंगमध्ये सरकारने राजाचे हक्क जमीनदारांना स्वस्तात विकले, आणि हरणांच्या नावाने कुंपणाला असलेली मनाई संपल्याबरोबर जमीनदारांनी सपाट्याने कुंपणे घालण्यास सुरुवात केली. रेल्वे 1856 मध्येच रानालगतच्या लाउटन गावाला पोहोचली होती, त्यामुळे घरबांधणीसाठी या जमिनीला सोन्याचा भाव येणार हे उघड होते.

लाउटनच्या गावकऱ्यांना 11 नोव्हेंबरपासून 23 एप्रिलपर्यंत फांद्या तोडण्याचा हक्क होता, आणि तो टिकवण्यासाठी 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री कुऱ्हाडीचा पहिला घाव पडलाच पाहिजे, अशी समजूत होती. तेथील जमीनदाराने रान कुंपणात घेतल्यानंतरही थॉमस विलिंगेल या वृद्ध मजुराने हा हक्क सोडला नाही. 1866 मध्ये त्याच्या कुटुंबातील तरुणांना त्यापायी तुरुंगवास भोगावा लागला. सामायिक मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीने त्याच्या नावे दावा लावला, पण 1870 मध्ये तो वारला आणि दावा तेथेच थांबला. दक्षिणेकडे वॉन्स्टेड फ्लॅट्सच्या माळावर 8 जुलै 1871 रोजी हजारो लोक जमले आणि तेथील नवी कुंपणे उखडून टाकली गेली.

त्यानंतरचा निर्णायक डाव कायद्याचा होता. लंडन शहराच्या महापालिकेने, म्हणजे सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने, दफनभूमीसाठी आल्डर्सब्रुक येथे शेतजमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर तिला रानात गुरे चारण्याचा हक्कही मिळाला होता. कुंपण नसलेल्या रानात गुरे एका गावच्या हद्दीतून दुसऱ्या गावच्या हद्दीत सहज जात, म्हणून एका गावच्या हक्कदाराचा चराईहक्क संपूर्ण रानावर चालतो, असा युक्तिवाद उभा राहिला. सोसायटीचा वकील रॉबर्ट हंटर याने त्यासाठी जुन्या नोंदी आणि कागदपत्रे पिंजून काढली. पुढे 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था स्थापन करणाऱ्या तिघांपैकी तो एक होता. महापालिकेने 1871 मध्ये जमीनदारांविरुद्ध दावा दाखल केला आणि नोव्हेंबर 1874 मध्ये न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी 1851 नंतरची कुंपणे बेकायदा ठरवली. चार गुरांच्या चाऱ्याचा हक्क मोठमोठ्या जमीनदारांना पुरून उरला, ही या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना आहे. जमीन विकत घेण्याचा पैसा लंडनमध्ये येणाऱ्या धान्याच्या मोजणीवर महापालिका जुन्या हक्काने घेत असलेल्या आकारातून उभा राहिला.

एपिंग फॉरेस्ट ॲक्ट 1878 मध्ये संमत झाला. रान कायम कुंपणाविना व बांधकामाविना ठेवावे, त्याचे नैसर्गिक रूप शक्यतो जपावे आणि ते जनतेच्या आनंदासाठी खुले असावे, हे बंधन या कायद्याने महापालिकेवर घातले. फांद्या तोडण्याचा हक्क भरपाई देऊन संपवला गेला. त्या पैशातून लाउटनमध्ये 1884 साली ‘लॉपिंग हॉल’ हे सार्वजनिक सभागृह उभे राहिले. राणी व्हिक्टोरियाने 6 मे 1882 रोजी येऊन रान जनतेला अर्पण केले. त्याच सुमारास दलदलीच्या जागी घडवलेल्या तळ्याला रानाचा पहिला रेंजर, म्हणजे मानाचा रक्षक, असलेल्या राणीच्या मुलाचे, ड्यूक ऑफ कॉनॉटचे, नाव मिळाले. कॉनॉट वॉटरभोवतीच्या सपाट वाटेवरून बाबागाडी आणि चाकाची खुर्ची दोन्ही सहज जातात, त्यामुळे लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असलेल्या कुटुंबांची सुरुवात बहुधा येथूनच होते.

कायद्याने दार उघडले तरी पूर्व लंडनमधील ईस्ट एंड या गरीब वस्तीच्या कोंदट गल्ल्यांतील मुलांना रानापर्यंत आणण्याचे काम इतरांनी केले. स्वस्त रेल्वेतिकिटे आणि 1871 च्या कायद्याने मिळालेल्या ‘बँक हॉलिडे’ या सार्वजनिक सुट्ट्या यांमुळे कामगार कुटुंबे झुंडीने येऊ लागली. ‘रिट्रीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मद्य न देणाऱ्या प्रशस्त चहागृहांत रविवारच्या शाळांची शेकडो मुले एका वेळी चहापावाला बसत. आर्थर पिअर्सन याने 1892 मध्ये सुरू केलेल्या फ्रेश एअर फंडात नऊ पेन्स दिले की एका गरीब मुलाची दिवसभराची सहल होई. लेटनस्टोनजवळच्या खडीच्या जुन्या खाणी 1905 च्या सुमारास बेकारांना काम देण्यासाठी वाढवून खोदल्या गेल्या आणि त्यातून आजचे हॉलो पाँड तयार झाले.

कायद्याची एक उणीव मात्र हळूहळू दिसू लागली. छाटणी थांबल्याने झाडांचे माथे एकमेकांना भिडले, जमिनीवर ऊन पडेनासे झाले आणि वाढलेल्या फांद्यांच्या भाराने जुनी खोडे फाटू लागली. चरणारी गुरे विसाव्या शतकात घटत गेली आणि बीएसई या गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या (‘मॅड काऊ’) संकटात 1996 मध्ये चराई बंद पडली. रान वाचवणाऱ्या कायद्याने रान घडवणारी कामे बंद करावीत, हे मला खेदाचे वाटते. पुढे निवडक झाडांची छाटणी पुन्हा सुरू झाली आणि 2002 मध्ये लांब शिंगांच्या इंग्लिश लाँगहॉर्न गाईंचा कळप माळावर परत आणला गेला. कुंपण घालायचे नाही हे तत्त्व सांभाळण्यासाठी या गाईंच्या गळ्यात विद्युत पट्टे बांधले जातात आणि ठरलेल्या हद्दीजवळ आल्यावर पट्टाच त्यांना सावध करतो.

कायद्याच्या शताब्दीनिमित्त 1978 मध्ये मॅनर पार्क ते एपिंग असा 15 मैलांचा ‘सेंटेनरी वॉक’ आखला गेला. लहान मुलांना तो एका दिवसात झेपणारा नाही, पण वॉन्स्टेड फ्लॅट्स, हॉलो पाँड आणि चिंगफर्ड असे त्याचे तुकडे वेगवेगळ्या सुट्ट्यांत चालता येतात. वॉन्स्टेड फ्लॅट्सवर चंडोल जमिनीवरच घरटी करतात; त्यांच्या विणीच्या काळात, वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, माळाचा काही भाग तात्पुरता वेगळा केला जातो आणि त्या दिवसांत वाट त्याच्या कडेने जाते.