परदेशातून दत्तक मूल घरी आणताना: आदेश हाती आल्यावरही अर्ज कुठे अडतो

दत्तकाचा आदेश निघाला म्हणजे मूल घरी आणण्याची परवानगी मिळाली, अशी बहुतेक पालकांची समजूत असते आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. दत्तकविधान कायदेशीर ठरणे, मुलाला त्याच्या देशाबाहेर जाऊ देणे आणि पालकांच्या देशाने त्याला कायम वास्तव्यासाठी प्रवेश देणे हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. ते वेगवेगळी कार्यालये घेतात आणि एकाने होकार दिला म्हणून दुसरा देईलच असे नाही.

दोन्ही देश २९ मे १९९३ च्या हेग दत्तक कराराचे (एका देशातील मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) सदस्य आहेत का, हे सर्वप्रथम पाहावे. असतील तर पुढील मार्ग त्या कराराने आखून दिलेला आहे. एखादा देश सदस्य नसेल, तर प्रक्रिया वेगळी असते आणि काही देश अशा ठिकाणाहून आलेल्या मुलांना प्रवेशच देत नाहीत. शिवाय देश आपले दरवाजे बंदही करतात: इथिओपियाने २०१८ मध्ये आणि चीनने २०२४ मध्ये परदेशी कुटुंबांना मुले दत्तक देणे थांबवले (चीनने जवळच्या नातेवाइकांचा अपवाद ठेवला). त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तयारीला लागू नये.

पात्रतेबाबत एवढेच लक्षात ठेवावे की वय, विवाहाची वर्षे, आरोग्य आणि उत्पन्न यांचे निकष दोन्ही देशांचे लागू होतात, म्हणजेच व्यवहारात जो निकष अधिक कडक तो खरा. होम स्टडी (पालकांच्या घराची आणि परिस्थितीची पाहणी करून लिहिलेला अहवाल), पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखले आणि उत्पन्नाचे पुरावे ही नेहमीची कागदपत्रे सर्वांकडे असतात. गोंधळ होतो तो त्यांच्या मुदतीचा. अर्ज दाखल करताना दाखला चालू होता, एवढे अनेकदा पुरेसे नसते. निर्णय होतो किंवा व्हिसा दिला जातो त्या दिवशीही तो चालू असावा लागतो. मुलाची निवड होईपर्यंत वर्षे उलटतात, तोवर पोलिसांचा दाखला कधीच शिळा झालेला असतो आणि मग जी फाईल परिपूर्ण म्हणून निर्धास्तपणे बाजूला ठेवली होती, तीच परत येते. प्रत्येक कागदावर त्याची अंतिम तारीख पेन्सिलीने लिहून ठेवणे हा साधा, पण मोठा मनस्ताप वाचवणारा उपाय आहे.

दुसरा अडथळा अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का) आणि भाषांतर यांच्या क्रमाचा. भाषांतर आधी आणि अपॉस्टिल नंतर केले, तर अपॉस्टिलच्या शिक्क्यावरील मजकूर अनुवादाविना राहतो आणि तेवढ्या कारणावरून संच नाकारला जातो. म्हणून आधी अपॉस्टिल, मग त्यासह संपूर्ण कागदाचे त्या देशाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडून भाषांतर, हा क्रम सहसा सुरक्षित ठरतो. मात्र भाषांतरालाही वेगळे प्रमाणीकरण लागते का, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रवासाविषयी एक कळकळीची सूचना. ‘आधी जाऊन मुले पाहून येऊ, मग अर्ज करू’ असा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. कराराच्या कलम २९ नुसार मूल दत्तक देण्यास मोकळे असल्याची आणि पालक पात्र असल्याची खातरजमा होण्याआधी पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क साधायचा नसतो. नात्यातील दत्तक किंवा त्या देशाच्या अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या अटी, एवढेच अपवाद. त्याचप्रमाणे कलम १७ नुसार दोन्ही देशांच्या मध्यवर्ती प्राधिकरणांनी (कराराचे काम पाहण्यासाठी प्रत्येक देशाने नेमलेली यंत्रणा) दत्तकाची प्रक्रिया पुढे नेण्यास संमती दिल्याशिवाय मूल पालकांच्या स्वाधीन करता येत नाही. ही संमती येण्यापूर्वी परस्पर दत्तक घेऊन बसलेल्या कुटुंबांचे हाल पाहवत नाहीत: एका देशाच्या दृष्टीने ते आईवडील असतात, तर दुसऱ्या देशाच्या दृष्टीने त्या मुलाचे कोणीच नसतात.

प्रत्यक्ष भेटीसाठी जाताना परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे घ्यावे. काही देशांत आदेशानंतर अपिलाची मुदत संपून तो अंतिम व्हावा लागतो, त्याआधी मुलाचा नवा जन्मदाखला निघत नाही आणि दाखल्याविना पासपोर्ट नाही. पतिपत्नींपैकी एकालाच तेवढे दिवस थांबता येणार असेल, तर दुसऱ्याचे कुलमुखत्यारपत्र अपॉस्टिलसह आधीच तयार ठेवावे. सुनावणीला दोघांची हजेरी सक्तीची आहे का, हेही निघण्यापूर्वी विचारावे.

मग येतो तो कागद, ज्याचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते: कलम २३ खालील अनुरूपता प्रमाणपत्र. दत्तक कराराप्रमाणे झाले असल्याचे ते सांगते आणि त्याच्याच बळावर इतर सदस्य देश ते दत्तक मान्य करतात. दोन्ही प्राधिकरणांनी संमती केव्हा दिली आणि कोणी दिली, याचा उल्लेख त्यावर असावाच लागतो. नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावे, घरी परतल्यावर हे काम महिनोन् महिने रेंगाळते. भारतातून मूल नेणाऱ्यांना हे प्रमाणपत्र ‘कारा’ (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) देते. सर्वत्र मात्र असे नाही. फिलिपिन्ससारख्या देशात मूल आधी सहा महिन्यांच्या देखरेखीखालील सहवासासाठी पालकांकडे दिले जाते आणि दत्तक त्यांच्या देशात पूर्ण होते, त्यामुळे मुलासोबत निघताना हा कागद हाती नसतो. अशा मुलाचा व्हिसाही वेगळ्या प्रकारचा असू शकतो.

व्हिसाच्या खिडकीवर अधिकारी आदेश, जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी मांडतो आणि नावातील एका अक्षराशी त्याचे बोट थांबते. जुने नाव, नवे नाव, आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख हे सारे तिन्ही ठिकाणी एकसारखे हवे. टाकून दिलेल्या मुलांची जन्मतारीख बहुधा अंदाजाने ठरवलेली असते आणि मुलाला सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत एक, तर दाखल्यात दुसरी असे घडते. त्याचा खुलासा करणारे अधिकृत पत्र आधीच मागून घ्यावे. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, संस्थेच्या डॉक्टरचा अहवाल कितीही सविस्तर असला तरी तिथे तो चालत नाही. परतीच्या वाटेवर विमान बदलायचे असेल, तर मूल जन्मदेशाच्या पासपोर्टवर प्रवास करत असते आणि पालकांना न लागणारा ट्रान्झिट व्हिसा त्याला लागू शकतो, ही बाब विमानतळावर कळली तर काहीच करता येत नाही.

पैशांच्या बाबतीत खर्च आणि वाजवी शुल्क यांपलीकडे कोणालाही लाभ मिळवण्यास कलम ३२ मनाई करते. पावतीविना मागितलेली ‘देणगी’ देऊ नये, मागणारा कितीही आर्जव करो.

घरी पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत पाठपुरावा अहवाल (मूल नव्या घरी कसे रुळते आहे हे सांगणारे) पाठवावे लागतात. हे बहुतेक जण करतात. मागे पडतो तो नागरिकत्वाचा प्रश्न. काही देशांत ते आपोआप मिळते, काहींत अर्ज करावा लागतो, तर काहींत दत्तक कुठे पूर्ण झाले यावर ते अवलंबून असते. अमेरिकेने २००० च्या कायद्याने अशा मुलांना आपोआप नागरिकत्व देण्याची तरतूद केली, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती ते त्यातून वगळले गेले आणि आईवडिलांनी अर्ज न केलेली कित्येक मुले प्रौढपणी नागरिकत्वाविना राहिली. म्हणून आपोआप मिळाले असे कोणी तोंडी सांगितले तरी नागरिकत्वाचा लेखी पुरावा मागावा आणि तो मिळेपर्यंत मुलाचा जुना पासपोर्ट, दत्तक आदेश व अनुरूपता प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती कोणत्याही कार्यालयात जमा करून मोकळे होऊ नये.