जोडदात: एका अंकुराचे दोन की दोन अंकुरांचा एक?

लहान मुलाच्या तोंडात कधी कधी समोरचा एखादा दुधाचा दात शेजारच्या दातापेक्षा बराच रुंद दिसतो. त्याच्या मधोमध उभी खाच असते आणि चावण्याच्या धारेवर त्या खाचेच्या टोकाशी लहानशी फट पडलेली असते. याला सरसकट जोडदात म्हटले जाते, परंतु या एकाच रूपामागे परस्परविरुद्ध अशा दोन घडामोडी असू शकतात. गेमिनेशनमध्ये एकच दंतांकुर (ज्यापासून दात घडतो तो अंकुर) दुभंगू लागतो आणि अर्ध्यावरच थांबतो, तर फ्यूजनमध्ये दोन स्वतंत्र दंतांकुर वाढता वाढता एकमेकांत मिसळतात. दुधाच्या दातांची जडणघडण गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि असा दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच घडून गेलेला असतो. त्यामुळे मूल अंगठा चोखत होते का, किंवा त्याला काय खाऊ घातले, याचा दोष कोणी स्वतःकडे घेण्याचे कारण नाही.

दोहोंतला फरक ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे दात मोजणे. खालच्या जबड्यात पटाशीचे दुधाचे दात चार असतात. रुंद दात एकच धरून मोजल्यावर चार भरले, तर तो गेमिनेशनचा असण्याची शक्यता अधिक. तीनच भरले, तर दोन दातांचे फ्यूजन झाले असावे. दंतवैद्य मेडर यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा नियम सोपा असल्याने फार रुळला, पण माझ्या मते त्याला निकालाचा मान देणे चुकीचे आहे, तो केवळ सुगावा आहे. नेहमीच्या दाताचे फ्यूजन एखाद्या जादा दाताशी झाले, तर मोजणी चारच येते आणि नियम बिनदिक्कत गेमिनेशनकडे बोट दाखवतो. अशा वेळी दोन्ही अर्ध्या भागांचा आकार निरखावा लागतो: गेमिनेशनमध्ये ते बहुधा एकमेकांची आरशातील प्रतिमा असावेत तसे सारखे असतात, तर जादा दात अनेकदा शंकूसारखा निमुळता असल्याने त्याच्याशी जुळलेला दात एका बाजूला वेगळाच दिसतो.

त्यानंतर एक्स-रे काढला जातो. गेमिनेशनमध्ये बाहेर दिसणारा भाग दुभंगलेला असला, तरी खाली सहसा एकच मूळ आणि त्यात एकच रुंद नलिका (मुळातील पोकळ वाट) आढळते. फ्यूजनमध्ये दोन्ही दातांचे डेंटिन (बाहेरच्या आवरणाखालचा कठीण थर) एकमेकांशी जुळलेले असते आणि नलिका बहुतेकदा दोन असतात, मात्र दंतांकुर फार लवकर एकत्र आले असतील, तर नलिकाही एकच होऊ शकते. साध्या एक्स-रेमध्ये पुढची आणि मागची रचना एकावर एक पडते, म्हणून गुंतागुंतीच्या दातासाठी त्रिमितीय स्कॅन करावा लागतो. तरीही काही दात असे निघतात की त्यांना नेमके कोणते नाव द्यावे यावर अनुभवी दंतवैद्यांचेही एकमत होत नाही.

या दोहोंशी आणखी एका विकृतीची गल्लत होते. तिच्यात दोन पूर्ण घडलेल्या दातांची मुळे केवळ सिमेंटमने, म्हणजे मुळावरच्या पातळ कठीण थराने, चिकटलेली असतात. वरच्या जबड्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेत ती अधिक आढळते, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्याने दाढ काढताना शेजारची दाढही हलू लागली म्हणजे ती लक्षात येते.

नावाच्या वादापेक्षा पालकांना अधिक महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हिरडीखाली त्याच्या जागी येणारा कायमचा दात आहे की नाही. दुधाच्या दोन दातांचे फ्यूजन झाले असेल, तर त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपैकी एखादा मुळातच तयार झालेला नसण्याची शक्यता लक्षणीय असते. शिवाय रुंद मूळ हळूहळू झिजते आणि कायमचा दात उशिरा किंवा वाकडा येऊ शकतो. म्हणून दात दुखत नसला तरी योग्य वयात एक्स-रे काढून पाहणे शहाणपणाचे ठरते. दरम्यान उभ्या खाचेत अन्नकण अडकून कीड लागते; ती खाच लवकर सीलंटने (खाच बुजवणाऱ्या संरक्षक लेपाने) भरून घेतली, तर बहुतेक दुधाचे जोडदात पडेपर्यंत निभावतात.

कायमच्या दातात मात्र निदान उपचाराची दिशा ठरवते. फ्यूजनमध्ये मुळे आणि नलिका खरोखरच स्वतंत्र असतील, तर दात उभा कापून त्यातील एक भाग काढता येतो आणि उरलेल्या भागावर, गरजेप्रमाणे रूट कॅनाल करून, नेहमीच्या आकाराचा दात घडवता येतो. एकच मूळ आणि एकच नलिका असलेल्या गेमिनेशनच्या दातात असा काप थेट पल्पमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ जिवंत भागात, शिरतो. तिथे कडा थोड्या घासून आणि दातांच्या रंगाचे साहित्य लावून रुंदी झाकणे, किंवा जबड्यात जागा असेल तर दात आहे तसाच ठेवणे, हेच बहुधा योग्य असते.