पांढरी ब्राउनी आली कुठून?

१८९६ साली अमेरिकेतल्या पाककला-शिक्षिका फॅनी फार्मर यांचं 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' छापलं गेलं, तेव्हा त्यात 'ब्राउनीज' नावाची एक छोटीशी कृती होती. लोणी, पिठीसाखर, अंडं, पीठ, पेकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचे तुकडे आणि मोलॅसिस. चॉकलेटचा त्यात कणही नव्हता. मोलॅसिस म्हणजे उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरणारा दाट, काळसर पाक. आपल्या काकवीच्या जवळचा, पण तिच्यापेक्षा कडवट. ब्राउनीला तिचा रंग या पाकानेच यायचा. मिश्रण लहान लहान साच्यांत ओतायचं, वर अर्धा अर्धा पेकान ठेवायचा आणि भाजायचं, एवढीच ती कृती.

ही गोष्ट मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते आहे. घरी पांढऱ्या चॉकलेटची ब्राउनी केली की एक प्रश्न ठरलेला असतो. माझ्या भाचीने तर ताटलीत वडी घेण्याआधीच विचारलं, "मावशी, ही ब्राऊन नाहीये, मग हिला ब्राउनी का म्हणायचं?" मोठी माणसं तेवढं स्पष्ट बोलत नाहीत, पण त्यांनाही वाटत असतं की खरी ब्राउनी ती काळी, आणि ही कुणीतरी अलीकडे हौसेने काढलेली आवृत्ती. छापील पुस्तकं मात्र उलटं सांगतात. ब्राउनी हे नाव आधी आलं, चॉकलेट नंतर.

शिकागोच्या पामर हाउस हॉटेलची गोष्ट याहून जास्त ऐकलेली असते. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हॉटेलमालकांच्या पत्नी बर्था पामर तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या डब्यात ठेवता येईल, केकच्या तुकड्यापेक्षा लहान असेल आणि हातात धरून खाता येईल असा गोड पदार्थ त्यांनी हॉटेलच्या खानसाम्याकडून मागितला, असं सांगतात. अक्रोड घातलेली, वर जर्दाळूचा चकचकीत लेप दिलेली चॉकलेटची वडी त्यातून तयार झाली. हे हॉटेल ती अजूनही मोठ्या अभिमानाने देतं. मात्र तेव्हा तिला 'ब्राउनी' म्हणत नव्हते. नाव आणि पदार्थ यांची गाठ पडायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. १९०४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकांत चॉकलेट घातलेली ब्राउनी दिसू लागते, आणि १९०६ मध्ये फार्मर यांच्या पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीतही ती येते. तिथून पुढे काळी ब्राउनी सगळीकडे पसरली.

मोलॅसिसवाली जुनी शाखा त्यामुळे संपली नाही. मोलॅसिसच्या जागी ब्राउन शुगर आली, लोणी आणि व्हॅनिला राहिले, आणि तिला 'बटरस्कॉच ब्राउनी' म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचंच 'ब्लॉन्डी' हे नाव रूढ झालं. सोनेरी रंग, कॅरॅमलसारखी चव, चॉकलेट नाही. पांढऱ्या चॉकलेटची ब्राउनी या ब्लॉन्डीच्या घरातली. तिला काळ्या ब्राउनीची फिकट नक्कल म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

आता पांढऱ्या चॉकलेटकडे येऊ, कारण ओव्हनमध्ये घडणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे.

कोकोच्या भाजलेल्या बियांच्या गरात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते. हिला कोको बटर म्हणतात. फिकट पिवळं, साध्या तापमानाला कडक, आणि ३४ अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारं. शरीराचं तापमान ३७, त्यामुळे जिभेवर ठेवताच ते विरघळतं. चॉकलेट तोंडात वितळण्याचं सगळं सुख या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही चरबी त्रासदायकच मानली जायची. चॉकलेट तेव्हा प्यायचं पेय होतं आणि त्यावर तेलकट तवंग यायचा. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन यांच्या कारखान्यासाठी कोकोतून चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं गेलं. घाण्यातून तेल निघावं आणि पेंड उरावी, तसं एका बाजूला कोको बटर निघालं आणि दुसऱ्या बाजूला कोरडी ढेप राहिली. ती ढेप दळली की कोको पावडर.

पावडर खपू लागली आणि चरबी साठू लागली. १८४७ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातल्या फ्राय कंपनीने कोको आणि साखरेत वरून वितळलेलं कोको बटर मिसळून साच्यात घट्ट होणारी वडी बनवली, आणि चॉकलेट खायची वस्तू झाली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावात डॅनियल पीटर यांनी चॉकलेटमध्ये दूध आणलं. दुधातलं पाणी चॉकलेटला चालत नाही, त्यामुळे आटवलेल्या दुधाचं तंत्र हाताशी येईपर्यंत हे जमलेलं नव्हतं.

एवढं झाल्यावर पुढची पायरी सोपी वाटते: कोको बटर घ्यायचं, दुधाची भुकटी घ्यायची, साखर घ्यायची आणि काळा कोको वगळायचा. तरी ती बाजारात वडी म्हणून ठळकपणे यायला १९३६ साल उजाडलं. नेस्लेने स्वित्झर्लंडमध्ये 'गालाक' आणलं. ब्रिटनमध्ये तेच 'मिल्कीबार' झालं, आणि पुढे आपल्याकडच्या दुकानांत मिल्कीबार याच नावाने ओळखीचं झालं. लहानपणी आम्ही ते चॉकलेट म्हणून नाही, दुधाची गोळी म्हणून खाल्लं. त्यात फारसं चुकलंही नाही म्हणा.

अमेरिकेत पांढऱ्या चॉकलेटची मोठी लाट आली ती १९८० च्या दशकात. हॉटेलांत पांढऱ्या चॉकलेटचं मूस, म्हणजे फेटून हलकं केलेलं गोड, कुकीजमध्ये मॅकाडेमिया हा काजूसारखा सुका मेवा आणि पांढऱ्या चॉकलेटचे तुकडे, आणि त्याच ओघात ब्लॉन्डीच्या मिश्रणातही ते पडलं. आधी नुसते तुकडे म्हणून, मग लोण्याबरोबर वितळवून. घरोघरी होणारी पांढऱ्या चॉकलेटची ब्राउनी इथे आकाराला आली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेव्हा तिथे पांढऱ्या चॉकलेटला 'चॉकलेट' म्हणायची सोयच नव्हती, कारण त्यात कोकोचा काळा भाग नाही. उत्पादकांनी अर्ज केले, तात्पुरत्या परवानग्या निघाल्या, आणि शेवटी २००२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने स्वतंत्र व्याख्या जाहीर केली. १ जानेवारी २००४ पासून ती लागू झाली: कमीत कमी २० टक्के कोको बटर, १४ टक्के दुधाचे घन पदार्थ, त्यात दुधाची चरबी ३.५ टक्के, आणि गोडवा देणारे घटक जास्तीत जास्त ५५ टक्के.

हे आकडे कोरडे वाटतील, पण माझं पहिलं फसलेलं भांडं मला या आकड्यांनीच समजावून दिलं.

आमच्या घरी मे महिन्यात नानकटाई व्हायची ती कोपऱ्यावरच्या बेकरीत. आई तूप, पिठीसाखर आणि रवा-मैदा डब्यात भरून न्यायची, बेकरीवाला भट्टीच्या तोंडाशी मोठे काळे पत्रे लावून ठेवायचा, आणि आम्ही भावंडं गोळे वळायला बसायचो. घरात ओव्हन नव्हता. पुढे गोल ॲल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी असलेला ओव्हन आला. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून केक केले. ब्राउनी या सगळ्यात नव्हती. पुष्कळ मराठी घरांची तिच्याशी ओळख हॉटेलात झाली, तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारी, वर आइस्क्रीम असलेली सिझलिंग ब्राउनी म्हणून. घरात ती शिरली ती ओटीजी, म्हणजे विजेवरचे छोटे ओव्हन, स्वस्त झाल्यावर, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर जिकडेतिकडे झाली.

तेव्हाच मी पांढरी ब्राउनी करायला घेतली. कृती परदेशी होती. पांढरं चॉकलेट म्हणून दुकानातून एक किलोची लादी आणली. लोण्याबरोबर वितळवली, १८० अंशांवर पस्तीस मिनिटं ठेवली. बाहेर काढली तेव्हा कडा गडद तपकिरी, वर तेलाची चकाकी, आणि मध्ये सुरी घातली तर आत खीर. टिन तिरकं केलं तर एका कोपऱ्यात चमचाभर तेल जमलं.

मग वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचलं. साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, दुधाची भुकटी. कोको बटर नाहीच. हे कंपाऊंड होतं. घरी बेकिंग करणाऱ्या बायकांना हा शब्द पाठ आहे: डार्क कंपाऊंड, मिल्क कंपाऊंड, व्हाइट कंपाऊंड. आपल्याकडे ते एवढं का रुजलं याला कारणं आहेत. ते कोको बटरपेक्षा खूप स्वस्त पडतं. त्याला टेम्परिंग लागत नाही, म्हणजे ठरावीक अंशांपर्यंत तापवून, गार करून पुन्हा तापवायचा खटाटोप नाही. आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जातो, तिथे ३४ अंशांना वितळणारी चरबी दुकानाच्या फळीवर टिकायची कशी? केकवरची सजावट, साच्यातल्या गोळ्या यांसाठी कंपाऊंड उपयोगाचं आहेच. ब्राउनीच्या मिश्रणात वितळवून घालायला मात्र मी ते आता घेत नाही. त्यातली चरबी तोंडात पूर्ण वितळत नाही, टाळूला मेणासारखा थर बसतो.

पण सगळा दोष कंपाऊंडचा नव्हता. खरं पांढरं चॉकलेट घेऊनही काळ्या ब्राउनीचं प्रमाण तसंच ठेवलं तर फसतं, आणि कारण पुन्हा त्या व्हॅन हाउटनच्या यंत्रापाशी जातं. काळ्या चॉकलेटमध्ये कोकोचा कोरडा भाग असतो. तो पिठासारखं काम करतो, ओल शोषून घेतो आणि वडीला अंग देतो. शिवाय त्याचा कडवटपणा साखरेला आवरून धरतो. पांढऱ्यात हा भाग नाही. उरते चरबी, दूध आणि जवळजवळ निम्मी साखर. म्हणून मैदा वाढवावा लागतो, वेगळी साखर बरीच कमी करावी लागते, आणि मिठाची चिमूट विसरून चालत नाही. दुधातली साखर आणि प्रथिनं लवकर लाल होतात, त्यामुळे ओव्हनही मंद हवा.

वीस सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी माझं बसलेलं प्रमाण असं: ११५ ग्रॅम लोणी, १७० ग्रॅम पांढरं चॉकलेट, १०० ग्रॅम साखर, दोन अंडी, १३० ग्रॅम मैदा, व्हॅनिला, मीठ. चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यातलं पाणी फक्त वाफाळतं असावं आणि वरच्या भांड्याला टेकू नये. थेंबभर पाणी आत गेलं तरी चॉकलेट आवळून त्याच्या गाठी होतात. अंडी आणि साखर फिकट होईपर्यंत फेटली की वर तो पातळ, तडे गेलेला पापुद्रा येतो. मॅकाडेमियाच्या जागी मी वेंगुर्ल्याचा काजू घालते, हलका भाजून. लिंबाची किसलेली सालही घालते, कारण या वडीला आंबट काहीतरी लागतंच. अंडं न खाणाऱ्यांसाठी कंडेन्स्ड मिल्क घालून करतात, पण त्यात गोडी आणखी वाढते, तेव्हा साखर पूर्ण वगळावी.

या पदार्थाचा एक अगदी अलीकडचा टप्पा आहे, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. फ्रान्सच्या वाल्रोना कंपनीतले शेफ फ्रेदेरिक बो यांच्याकडून पांढरं चॉकलेट एकदा गरम पाण्यावर तासन् तास तसंच राहून गेलं. परत येऊन पाहिलं तर ते सोनेरी झालेलं, बिस्किटासारख्या वासाचं. वर्षानुवर्षं खटपट करून कंपनीने २०१२ मध्ये ते 'दुल्से' या नावाने विकायला आणलं आणि त्याला ब्लॉन्ड चॉकलेट म्हटलं. तिथे ही नवलाई होती. सातारच्या कंदी पेढ्यासाठी खवा किती वेळ परतायचा हे ज्याने पाहिलं आहे, त्याला तो वास लगेच ओळखता येईल. मंद आचेवर दूध आणि साखर एकमेकांत भाजली जातात, तीच क्रिया, तोच रंग.

घरी हे करता येतं. कोको बटर असलेलं पांढरं चॉकलेट बारीक करून पसरट टिनमध्ये घालायचं, ओव्हन १२० अंशांवर, आणि दर दहा मिनिटांनी बाहेर काढून सपाट चमच्याने घोटायचं. मध्ये ते रवाळ आणि कोरडं दिसतं, तेव्हा घाबरू नये. घोटत राहिलं की पुन्हा सैल होतं. पाऊण तास ते तासाभरात पेढ्याचा रंग येतो. ते ब्राउनीत घातलं तेव्हा वड्या मधल्या रंगाच्या झाल्या, काळ्याही नाहीत आणि पांढऱ्याही. १६५ अंशांवर अठ्ठावीस मिनिटं. टूथपिकला ओलसर चुरा लागत होता, तेव्हाच टिन बाहेर काढलं आणि पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे दोन तास, भाचीला सुरी लावू दिली नाही.