पार्श्वभूमी: किमान शिलकेचा दंड आणि परताव्याचा झगडा

बचत खात्यात मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून कापलेले पैसे परत मिळतात का? या प्रश्नाची वाट आजही रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४च्या एका परिपत्रकाने घातलेल्या अटींतूनच जाते. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९९९च्या सप्टेंबरपर्यंत सेवाशुल्काचे दर बँकांची संघटना ठरवत असे. मग ती पद्धत बंद झाली आणि प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला आपापले दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकिंग लोकपालाची सोय १९९५पासूनच होती, पण ‘पुरेशी पूर्वसूचना न देता शुल्क लावलं’ हे कारण तक्रारीच्या यादीत आलं ते २००६च्या योजनेत. गरिबांसाठी आधी ‘नो फ्रिल्स’, मग २०१२ची मूलभूत बचत खाती आणि २०१४ची जनधन अशी शून्य शिलकेची सोय होत गेली. साधं बचत खातं असलेला पगारदार, पेन्शनर किंवा विद्यार्थी मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिला.

खरा वाद २०१४चा. त्या वर्षी १ एप्रिलच्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने सरळ भूमिका घेतली होती: ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी पडली तर दंड लावू नका. त्या खात्याच्या सेवा मूलभूत खात्याइतक्या कमी करा आणि शिल्लक पूर्ववत झाली की सेवा पुन्हा सुरू करा. म्हणजे पैसे नसलेल्याकडून पैसे कापायचे नाहीत, फक्त सवलती थांबवायच्या. हे न्याय्य होतं आणि अमलात आणायलाही फार अवघड नव्हतं.

नोव्हेंबरात प्रत्यक्ष परिपत्रक आलं तेव्हा मात्र दंड जागच्या जागी होता. त्याच्याभोवती फक्त अटींचं कुंपण घातलं होतं. मधल्या महिन्यांत बँकांनी काय काय मांडलं असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

१ एप्रिल २०१५पासून लागू झालेल्या या अटी कागदावर बऱ्या आहेत. शिल्लक घटली की एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. खातं भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड संचालक मंडळाच्या मंजुरीने ठरवायचा. तो वाजवी असावा आणि सेवा पुरवण्याच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा. निव्वळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिलकेपेक्षा जास्त पैसे काढण्याची सोय न घेतलेल्या माणसाच्या पासबुकात उणे आकडा दिसायचा तो याच वाटेने, म्हणून ही शेवटची अट महत्त्वाची.

घोळ आहे तो दंडाच्या मोजणीत. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, म्हणजे तुटीवर ठरावीक टक्केवारी हवी, असं परिपत्रक म्हणतं आणि लगेच स्लॅब म्हणजे टप्पे ठरवायलाही मुभा देतं. देशातल्या सर्वात मोठ्या सरकारी बँकेने २०१२मध्ये सोडलेला दंड एप्रिल २०१७मध्ये परत आणला, तेव्हा महानगरांत मर्यादा ५,००० रुपयांची होती. तूट निम्म्यापर्यंत असेल तर ५० रुपये, पाऊण हिश्श्यापर्यंत ७५ आणि त्यावर १००. वर कर वेगळा. तूट १०० रुपयांची असो की २,४०० रुपयांची, दंड ५०च. पहिल्या माणसाला तो पडला तुटीच्या निम्मा, दुसऱ्याला दोन टक्क्यांच्या आसपास. याला प्रमाण म्हणायचं कसं?

आणि सरासरी खर्चाचं काय? ओरड झाल्यावर त्याच बँकेने ऑक्टोबर २०१७मध्ये महानगरांतला कमाल दंड ५० रुपयांवर आणला, एप्रिल २०१८मध्ये १५ रुपयांवर, आणि मार्च २०२०मध्ये तो रद्दच केला. खातं सांभाळण्याचा खर्च एका वर्षात १००वरून १५वर उतरला, असं कुणी गंभीरपणे म्हणेल असं वाटत नाही.

मर्यादा बहुतेक ठिकाणी मासिक सरासरीची असते, हेही पुष्कळांना दंड बसल्यावरच कळतं. रोज दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागायचं. ३,००० रुपयांची सरासरी ठेवायची असेल तर महिनाभर ३,००० ठेवा, नाहीतर तीस दिवसांच्या महिन्यात एक दिवस ९०,००० ठेवा आणि बाकी खातं रिकामं ठेवा. बँकेच्या लेखी दोघं सारखेच. ज्याच्या हातात एक दिवस का होईना ९०,००० असतात, त्याला हा नियम कधी जाचत नाही.

परताव्याच्या प्रकरणांत या सगळ्यातला एकच धागा टिकतो: सूचना. शाखेत लेखी तक्रार, तीस दिवस वाट आणि मग लोकपाल, हा क्रम ठरलेला आहे. लोकपालाच्या २०२१च्या एकात्मिक योजनेने तक्रारीची कारणं ‘सेवेतली त्रुटी’ या एका शब्दप्रयोगात आणली, पण बँकेचा व्यावसायिक निर्णय कक्षेबाहेर ठेवला. त्यामुळे ‘दंड जास्त आहे’ म्हणणाऱ्याची बाजू लंगडी पडते आणि ‘कापण्याआधी महिनाभर मला कळवलं नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती काहीतरी मुद्दा राहतो. ब्रिटनमध्येही हाच पेच झाला. तिथे हजारो खातेदारांनी ओव्हरड्राफ्टचे दंड परत मागितले, अनेकांना मिळालेही, पण नोव्हेंबर २००९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे शुल्क सेवेच्या किमतीचाच भाग ठरवलं आणि रक्कम वाजवी आहे का, हे तपासण्याचा रस्ता बंद झाला.

आपल्याकडे विषय तापला तो आकड्यांनी. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या काळात त्या मोठ्या सरकारी बँकेने सुमारे १,७७० कोटी रुपये दंडापोटी वसूल केले. तिचा जुलै-सप्टेंबर तिमाहीचा नफा याहून कमी होता. आठ महिन्यांची वसुली आणि तीन महिन्यांचा नफा ही तुलना तशी बरोबरीची नाही, पण मथळे गाजले. पुढे संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांची अशी वसुली ८,५०० कोटींच्या आसपास होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोचला ऑगस्ट २०२४मध्ये. लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३,००० रुपये खात्यात पडले आणि काही बायकांच्या हाती पूर्ण रक्कम आलीच नाही. वर्षानुवर्षं न वापरलेल्या खात्यांवर साचलेलं शुल्क पैसे येताच वळतं झालं होतं. लाभाच्या रकमेतून कपात करू नका, असं राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं.

२०२५च्या उन्हाळ्यापासून एकामागून एक सरकारी बँकांनी दंड काढून टाकला. त्याच ऑगस्टमध्ये एका बड्या खासगी बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिलकेची अट थेट ५०,००० रुपयांवर नेली आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच १५,००० केली. किमान शिल्लक किती ठेवायची हा आपल्या अखत्यारीतला विषय नाही, असं रिझर्व्ह बँकेचं त्यावर म्हणणं होतं. सरकारी बँकांची माफी जाहीर तारखेपासून पुढची आहे. आधी कापलेल्या पैशांसाठी खातेदाराला अजूनही शाखेत जाऊन त्या महिन्याची सूचना कधी पाठवली, हेच विचारावं लागतं.