कार्डावर सीएफपी, एआरएन, आयएनए… पैसे देण्याआधी नक्की काय तपासायचं?

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा पीएफ-ग्रॅच्युइटी खात्यात पडायच्या आधीच घरी माणसं यायला लागली. त्यातल्या एकाचं कार्ड अजून शोकेसमध्ये गणपतीच्या मागे खोचलेलं आहे. वर सोनेरी अक्षरात 'वेल्थ ॲडव्हायझर', खाली सीएफपी आणि एकदम तळाला मुंगीएवढ्या अक्षरात एआरएन नंबर. अण्णा म्हणाले, "सूनबाई, केवढा शिकलाय बघ, आणि आपल्याकडून एक रुपया घेत नाही म्हणाला." मला तिथेच शंका आली, कारण फुकट कोण कशाला सातपूरहून पेट्रोल जाळत येईल?

तर पहिले हे समजून घ्या की डिग्री वेगळी आणि लायसन्स वेगळं. सीएफपी ही फायनान्शियल प्लॅनिंगची सर्टिफिकेट परीक्षा आहे, सीएफए तीन लेव्हलची, अवघड, पण ती मुख्यतः गुंतवणुकीच्या ॲनालिसिसची, सीए आपल्याला माहितीच आहे. ही सगळी अभ्यासाची पावती झाली, चांगलीच गोष्ट आहे, पण नुसत्या सीएफपीवर फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा धंदा करता येत नाही, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणुकीच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रजिस्ट्रेशन लागतं. माणूस कोणाच्या पैशावर चालतो ते डिग्रीवरून कळत नाही, नंबरवरून कळतं.

नंबर आयएनए ने सुरू होत असेल आणि पुढे ९ आकडे असतील तर तो सेबी रजिस्टर्ड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर. हा फी तुमच्याकडून घेतो आणि तुम्हाला दिलेल्या सल्ल्यावर कंपनीकडून कमिशन घेऊ शकत नाही. फिक्स फी असेल तर एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये, एवढी मर्यादा सेबीने घातलीय (एवढी कोणी मागितली तर मी आधी चहा पिऊन विचार करेन, ते सोडा). आयएनएच म्हणजे रिसर्च ॲनालिस्ट, तो शेअरबद्दल मत देतो, तुमच्या घरचं प्लॅनिंग करत नाही. आयएनझेड म्हणजे ब्रोकर. आणि एआरएन म्हणजे म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर, ॲम्फीकडे (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) नोंदवलेला, त्याला कमिशन फंड कंपनी देते. डिस्ट्रिब्युटर असणं काही गुन्हा नाही, बऱ्याच लोकांना फॉर्म भरून देणारा, फोन उचलणारा माणूस लागतोच, पण सेबी रजिस्ट्रेशन नसताना त्याने 'वेल्थ ॲडव्हायझर' लावायचं नाही, हा नियम २०२० पासून आहे. म्हणजे आमच्या कार्डावरची सोनेरी ओळच चुकीची होती!

तपासायचं कसं? सेबीच्या साइटवर इंटरमीडियरीजच्या यादीत इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर निवडा, नाव किंवा नंबर टाका, पत्ता कार्डाशी जुळतोय का आणि व्हॅलिडिटी काय लिहिलीय ते बघा. एआरएन असेल तर ॲम्फीच्या साइटवर डिस्ट्रिब्युटर शोधा, तिथे एआरएन कधीपर्यंत चालू आहे ते दिसतं, तीन वर्षांनी रिन्यू करावा लागतो. सीएफपी ते सर्टिफिकेट देणाऱ्या एफपीएसबी या संस्थेकडे तपासता येतं. नंबर स्वतः टाइप करा, त्याने पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका.

आणि जे झालंय ते बघायचं असेल तर स्टेटमेंट काढा. अण्णांचं सहामाही कन्सॉलिडेटेड, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्र, स्टेटमेंट मी उघडलं, त्यात प्रत्येक स्कीमसमोर 'रेग्युलर' (म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं कमिशन धरलेला प्लॅन) आणि डिस्ट्रिब्युटरला दिलेलं कमिशन रुपयांत लिहिलेलं होतं. अण्णांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ते म्हणाले, "मग सांगायला काय झालं होतं?"

आयएनए वाल्याकडे जाणार असाल तर पॅन, आधार, केवायसी, बँक डिटेल्स, चालू गुंतवणुकीची स्टेटमेंट्स, पॉलिसी आणि लोनचे कागद सोबत ठेवा. तो आधी रिस्क प्रोफाइलिंगचे, म्हणजे तुम्हाला किती जोखीम झेपेल याचे, प्रश्न विचारेल आणि ॲग्रीमेंट सही करून घेईल. सही आधी, सल्ला आणि फी नंतर. उलटं सांगत असेल तर कॉलेज रोडच्या चकचकीत ऑफिसातूनसुद्धा उठून या. फी बँकेतून द्या, रोख नाही. ओटीपी, डीमॅटचा पासवर्ड कोणालाच नाही, आणि गुंतवणुकीचे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात तर अजिबात नाही.

आमचा पुतण्या परवा म्हणाला की काकू मलाच हे काम करायचंय. डिस्ट्रिब्युटर व्हायला वय १८ पूर्ण, साधारण बारावी पास, मग एनआयएसएमची (सेबीने काढलेली शिक्षणसंस्था) सिरीज ५-ए परीक्षा, १०० प्रश्न, २ तास, पास व्हायला ५० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. पास झाल्यावर पॅन, आधार, फोटो, बँकेचे डिटेल्स, सर्टिफिकेट घेऊन ॲम्फीकडे एआरएनचा अर्ज. ॲडव्हायझर व्हायचं तर जड आहे: पदवी, एनआयएसएम १०-ए आणि १०-बी दोन्ही पास (६० टक्के, आणि इथे निगेटिव्ह मार्किंग आहे), बीएसईकडे (मुंबई शेअर बाजार) नोंदणी, मग सेबीकडे अर्ज, आणि १५० क्लायंटपर्यंत १ लाख रुपये डिपॉझिट अडकवून ठेवायचं. पुतण्याने हे ऐकून आधी ५-ए चं पुस्तक डाउनलोड केलंय.

फसवणूक झालीच तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर पॅन नंबर टाकून तक्रार करता येते, उत्तराला २१ दिवसांची मुदत असते. तक्रारीसोबत त्या माणसाचे मेसेज, पावत्या आणि कार्ड लागतंच, म्हणून ते गणपतीमागचं कार्ड अण्णांना मी अजून टाकू दिलेलं नाही.