सांडपाण्यातलं सोनं: कोळशापासून संत्र्याच्या सालीपर्यंत

नागपुरात इतवारीच्या सराफ्यातला केर वाया जात नाही. कीस, भुकटी, फुटक्या मुशी झारेकऱ्याकडे जातात आणि त्यांतलं सोनं धुऊन परत मिळतं. अम्लराजाच्या (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाच्या) उरलेल्या द्रावणातलं किंवा मुलाम्यानंतरच्या धुण्यातलं सोनं मात्र असं हाती लागत नाही, कारण ते विरघळलेलं असतं. त्यासाठी शोषक, म्हणजे द्रावणातला धातू आपल्यावर धरून ठेवणारा पदार्थ, लागतो, आणि शोषकाची खरी अडचण पहिल्यापासून एकच आहे: धरलेलं सोनं सोडवायचं कसं?

1880 मध्ये डेव्हिसने क्लोरीनच्या द्रावणातलं सोनं लाकडी कोळशावर उतरवण्याचं पेटंट घेतलं. 1887 मध्ये मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंची सायनाइड पद्धत आली, आणि 1894 मध्ये जॉन्सनने तिच्यासाठीही कोळसा सुचवला. तरी खाणी जस्तानेच सोनं पाडत राहिल्या. कोळशातलं सोनं काढायला तो दर खेपेला जाळावा लागे, ते परवडणारं नव्हतं. 1950 च्या सुमारास अमेरिकेत झाड्राने सुमारे 1 टक्का कॉस्टिक सोडा आणि 0.1 टक्का सायनाइडच्या, 90 अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावणाने सोनं उतरवून दाखवलं. कोळसा पुन्हा वापरता येऊ लागला आणि 1973 मध्ये तिथल्याच होमस्टेक खाणीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तिथे नारळाच्या करवंटीचा कोळसा का, तर तो टणक असतो. ठिसूळ कोळसा झिजतो आणि त्याची भुकटी सोन्यासकट चाळणीतून निसटते.

मधल्या काळात, 1920 च्या दशकात, फ्रिट्झ हाबरने समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायचा ध्यास घेतला होता. नीट मोजल्यावर सोनं अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघालं आणि योजना सोडावी लागली. शोषक निवडण्याआधी पाण्याची तपासणी करा, हा आग्रह म्हणूनच.

नैसर्गिक पदार्थांत बदल करून शोषक बनवण्यामागचा विचार 1963 मध्ये पीअर्सनने मांडलेल्या मृदू-कठीण आम्ल-अल्क तत्त्वातून स्पष्ट झाला. त्यानुसार मृदू धातू मृदू अणूंना धरतात, म्हणून सोनं, चांदी, पॅलेडियम यांना गंधक जवळचं. 1970 च्या दशकात इटलीत मुझ्झारेल्लीने कायटिन आणि कायटोसानवर धातू कसे बसतात हे तपशिलाने अभ्यासलं, आणि पुढे त्यावर थायोयुरिया हे गंधकयुक्त संयुग जोडून शोषक बनू लागले. कोळंबीच्या टरफलापासून मिळणारं कायटोसान आम्लात विरघळतं, म्हणून आधी ग्लुटारॲल्डिहाइडने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. हा बांध जास्त झाला की धातू धरणारे अमिनो गटच खर्ची पडतात आणि क्षमता घसरते.

जपानमध्ये पर्सिमन या फळातल्या टॅनिनवर (तुरट द्रव्यावर) आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवलेल्या सेल्युलोजवर असंच काम झालं. हे काम विदर्भाला थेट लागू पडतं: संत्र्याच्या सालीत पेक्टिन आणि सेल्युलोज, हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत भरपूर टॅनिन. कच्ची साल मात्र वापरू नये. ती रंग आणि सेंद्रिय द्रव्यं पाण्यात सोडते, फुगून शोषक भरलेली नळी चोंदवते आणि सडते. साल 60-70 अंशांवर वाळवावी, दळून 0.3 ते 0.6 मिलिमीटरच्या चाळण्यांत बसेल इतकी ठेवावी, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावी आणि मगच रासायनिक प्रक्रिया करावी. टॅनिनही नुसतं चालत नाही, ते पाण्यात विरघळतं. त्यालाही आधी बांधून घ्यावं लागतं.

अम्लराजाच्या द्रावणात सोनं ऋणभारित क्लोराइड संयुगाच्या रूपात असतं. सामू 1 ते 3 असताना धनभारित अमिनो गट ते ओढून घेतात, तांबं-जस्त बहुतांश मागे राहतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नायट्रिक आम्ल शिल्लक ठेवणं. ते गंधकाचे गट जाळतं आणि बसलेलं सोनं पुन्हा विरघळवतं. म्हणून आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून धूर ओढणाऱ्या कपाटात द्रावण आटवून नायट्रिक घालवावं. चांदी या द्रावणात क्लोराइड होऊन खाली बसते, तिला आधी गाळून घ्यावं.

धरलेलं सोनं सोडवण्यासाठी आम्लयुक्त थायोयुरिया वापरतात. पण टॅनिनवरचं बरंच सोनं क्षपण होऊन धातूच बनलेलं असतं आणि सहजासहजी सुटत नाही. तिथे शोषक जाळून राख वितळवणंच सोयीचं, म्हणजे 1894 च्या कोळशासारखंच, फक्त इथे शोषक टाकाऊ सालीचा असल्याने हिशेब बसतो. सायनाइडच्या मुलाम्याचं धुणं मात्र या आम्ली पद्धतीत चुकूनही मिसळू नये. त्यातून हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो. ते पाणी अल्कधर्मीच ठेवून कोळशाच्या किंवा रेझिनच्या वेगळ्या नळीतून न्यावं.