ताठ, ताठर आणि लवचिक

मराठीत ‘स्तब्ध’ म्हणजे निश्चल, अवाक. संस्कृतात त्याचा अर्थ ताठलेला, आणि त्यावरूनच गर्विष्ठ. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसांना ‘स्तब्ध’ म्हटले आहे ते या अर्थाने. खांबाचा ‘स्तंभ’ त्याच धातूचा. उलट ‘नम्र’ म्हणजे मुळात वाकलेला. मराठीतही अंगाचा ताठपणा असाच स्वभावाला चिकटला, पण इथे शब्दाच्या शेपटीवर सारे ठरते. ताठ मानेचे कौतुक होते, ताठ्याला नावे ठेवली जातात आणि भूमिका ‘ताठर’ म्हटली की दोष त्या पक्षाच्या पदरात पडलाच.

खरा गुंता पाठ्यपुस्तकांतला आहे. इलॅस्टिसिटीला भौतिकशास्त्रात ‘स्थितिस्थापकता’ म्हणतात, अर्थशास्त्रात ‘लवचिकता’. पहिला शब्द बोजड, उगाच घडवलेला, अशी तक्रार नेहमीची. ती अन्यायाची आहे. न्याय-वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांच्या परंपरेत ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार मानतात: वेग, भावना (म्हणजे स्मृतीचा ठसा) आणि स्थितिस्थापक. ‘तर्कसंग्रह’ या त्याच परंपरेतल्या ग्रंथातले उदाहरण चटईचे आहे. गुंडाळून ठेवलेली चटई पसरा, कडा सोडा, ती पुन्हा गुंडाळू लागते. पूर्वस्थितीला नेणारा हा गुण ‘लवचिक’मध्ये येतच नाही, कारण तो शब्द लवण्यापुरता. लवलेले परत सरळ होईलच असे तो सांगत नाही.

फरक वर्गात लगेच कळतो. सारख्या लांबी-जाडीची रबराची दोरी आणि पोलादी तार टांगून सारखेच वजन लावा. रबर लोंबते, तारेची वाढ डोळ्यांना दिसतही नाही. भौतिकशास्त्र पोलादाला अधिक स्थितिस्थापक म्हणते, कारण ताणाला होणारा विरोध तिथे मोजला जातो. पोलादाचा यंग गुणांक (या विरोधाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे रबराच्या हजारो पट. इथे ‘लवचिकता’ वापरली असती तर पोलाद रबरापेक्षा लवचिक, असे वाक्य मुलांना पाठ करावे लागले असते!

अर्थशास्त्राने वेगळा शब्द घेतला ते योग्यच झाले. किंमत बदलल्यावर मागणी किती हलते एवढाच तिथला प्रश्न. पूर्वस्थितीला येण्याचा संबंध नाही. चूक झाली ती विरुद्धार्थी शब्दात. मीठ महागले तरी खप फारसा घटत नाही, त्या मागणीला ‘अलवचिक’ म्हटले गेले. ‘ताठर’ हाताशी असताना नुसता ‘अ’ जोडला. अल्पाधिकाराच्या, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजाराच्या, चर्चेत मात्र न हलणाऱ्या किमतीसाठी ‘ताठरता’ बिनदिक्कत वापरतात.